उचकीची व्याप्ती

“म्हणजे उचकी तुझ्या व्याप्तीत बसते की नाही?” मगदूम सरांनी विचारलं.

डॉक्टर शंतनू उपळेकरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि उत्तराच्या आधी उचकीच बाहेर पडली.

“बसते,” तो म्हणाला.

“कुठे?”

तेवढ्यात पुढची उचकी आली आणि त्याची तात्पुरती सुटका झाली.

कुरुंदवाडला नदीच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत विश्राम मगदूम सरांचं बैठं घर होतं. सरांनी उभी हयात मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवण्यात घालवली. बोलायचे कमी. विद्यार्थ्यानं पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेत. तो पुसून होईपर्यंत समोरच्याला दरदरून घाम फुटलेला असे. निवृत्तीनंतर सर गावी येऊन राहिले. धोतर आणि चष्मा दोन्ही बरोबर आले.

शंतनू हा त्यांचा लाडका विद्यार्थी. निदान शंतनूची तशी समजूत होती. पुढे तो परदेशी गेला, तिथं नाव काढलं आणि आता पुण्याच्या एका विद्यापीठानं त्याला मानानं बोलावून घेतलं होतं. विद्यापीठात जैववैद्यकाचा नवा विभाग निघत होता, आणि त्याचा पहिला प्रमुख शंतनू.

उद्या संध्याकाळी उद्घाटन होतं. मंत्री येणार, कुलगुरू येणार, आणि मुख्य व्याख्यान शंतनूचं. विषय त्यानंच निवडला होता, ‘जैववैद्यक : अर्थ आणि व्याप्ती’. ऐकून माणसं नुसती दिपून जावीत असं ते व्याख्यान त्यानं घासूनपुसून तयार केलं होतं. आणि नेमकी त्याच वेळी त्याला उचकी लागली.

निमित्त अगदी फुटकळ होतं. एका सहकाऱ्यानं जयसिंगपूरहून तिखट चुरमुऱ्यांचं भडंग आणलं होतं. बैठकीला उशीर होत होता म्हणून शंतनूनं उभ्याउभ्याच एक मूठ तोंडात टाकली. भडंग संपलं, बैठक संपली, पण उचकी काही संपेना. आठवडा होत आला होता. जेवताना उचकी, फोनवर उचकी, झोपेतही उचकी. त्याच्या बायकोनं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं होतं.

तो काही अडाण्यासारखा घरी बसून राहिला नाही. शहरातले मोठमोठे डॉक्टर त्याचे मित्र होते. पोटाच्या डॉक्टरनं नळी घालून पोट पाहिलं आणि सांगितलं, पोट स्वच्छ आहे, छाती दाखव. छातीवाला म्हणाला, छाती ठणठणीत आहे, हे मज्जातंतूंचं काम दिसतंय. मज्जातंतूंच्या डॉक्टरनं मेंदूचा स्कॅन काढला, तो कौतुकानं बराच वेळ न्याहाळला आणि घसा एकदा दाखवून घे म्हणाला. घशाच्या डॉक्टरनं पोटाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. चोरी झालेला माणूस एका चौकीतून दुसऱ्या चौकीत जातो आणि जो तो हद्द दुसऱ्याची सांगतो, तशी त्याची गत झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. शंतनूला कधीकधी वाटे, उचकीचाही रिपोर्ट काढला तर तोही नॉर्मलच येईल. मग गोळ्या झाल्या. त्यांनी झोप येई, आणि झोपेत उचकी येई.

तेव्हा पहाटे निघून तो कुरुंदवाडला आला. सरांना समारंभाचे अध्यक्ष म्हणून न्यायला आलोय, असं त्यानं दारातच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सरांनी आपण होऊन उचकीबद्दल विचारावं आणि काहीतरी करावं, हीच त्याची मनातली आस होती. आपल्या तोंडानं सांगायची मात्र त्याची तयारी नव्हती. उद्या रोगांबद्दल बोलणाऱ्यानं आज उचकीसाठी हात पसरावा, हे त्याला कसंसंच वाटत होतं.

सर विचारीनात. त्यांनी त्याला बसवलं आणि म्हणाले, “वाच भाषण.”

शंतनूनं कागद उघडले. घसा साफ केला.

“जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौ...” उचकी. “भौतिकशास्त्र यांच्या आधारे मानवी शरीराचं आरोग्य आणि रोग यांची कारणं शोधणारी, निदान, उपचार आणि प्रति...”

उचकी.

“...बंध यांचा पाया घालणारी ज्ञानशाखा म्हणजे जैववैद्यक.”

सर ऐकत होते.

पुढे व्याप्ती होती. तिच्यात पेशी होत्या, जनुकं होती, रक्त तपासायची यंत्रं, लसी, कृत्रिम सांधे, साथींचं गणित, सगळं आलं होतं. शेवटी शंतनूचं आवडतं वाक्य होतं. ते मंडपाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायलाही त्यानं सांगून ठेवलं होतं. ते म्हणताना तो किंचित उठून बसला.

“जैववैद्यकाची व्याप्ती रेणूपासून राष्ट्रा...”

उचकी आली. ती इतकी जोरात आली, की हातातले कागद उडाले.

“...पर्यंत आहे.”

तेव्हा सरांनी तो प्रश्न विचारला होता, उचकी व्याप्तीत बसते की नाही म्हणून. आणि मग, कुठे म्हणून.

तोवर सरांच्या पत्नी, पद्माकाकू, चहा घेऊन आल्या. खाली पडलेले कागद त्यांनी गोळा करून दिले आणि हे कसलं खातं निघतंय ते विचारलं. शंतनूनं सांगितलं. काकू म्हणाल्या, म्हणजे डॉक्टरच की. शंतनू म्हणाला, तसं नाही. डॉक्टर रोग्याला बरं करतो. रोग का झाला, औषध का लागू पडलं, याच्या मुळाशी आम्ही जातो.

“मग तुला उचकी का लागली?” काकूंनी विचारलं.

आता मात्र शंतनू खुलला. त्यानं काकूंना छाती आणि पोट यांच्यामधला तो स्नायूचा पडदा समजावून सांगितला. पडदा अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते, तेवढ्यात घशातलं झाकण खटकन मिटतं आणि आवाज होतो. कुठली शीर कुठून निघून कुठे जाते तेही त्यानं स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. मधेमधे उचकी येतच होती, त्यामुळे प्रात्यक्षिकाची वेगळी सोय करावी लागली नाही.

काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

“ही उचकी कशी लागते ते झालं,” त्या म्हणाल्या. “लागली का?”

शंतनूनं सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते.

विद्यार्थी असतानाचा तो जुना घाम त्याला कानामागे जाणवला. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. उत्तर नव्हतंच. पडदा का बिथरतो, जन्माला यायच्या आधी आईच्या पोटातलं मूलही उचक्या का देतं, माणसाला या उचकीचा उपयोग तरी काय, यावर तर्क पुष्कळ होते, पण छातीवर हात ठेवून सांगावं असं काही नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

“गुंतागुंत कसली त्यात,” काकू म्हणाल्या. “कोणीतरी आठवण काढतंय. एकेकाचं नाव घे. बरोबर नाव आलं की थांबते.”

शंतनू हसला. मग मंत्र्यांसमोर उचक्या देणारा आपला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो हसायचा थांबला. आधी आईचं नाव घेतलं. उचकी आली. बायकोचं घेतलं. उचकी आली. कुलगुरूंचं घेतलं, तेव्हा तर लागोपाठ आल्या. काकूंनी चमचाभर साखर त्याच्या तोंडात घातली आणि सांगितलं, चावू नको, विरघळू दे, आणि नावं मनातल्या मनात घे.

एवढ्यात गल्लीतून देशिंगकर आण्णा आत आले. आण्णा एस्टीत कंडक्टर होते. आता पेन्शनीत होते आणि रोज या वेळेला सरांकडे वर्तमानपत्र वाचायला येत. बाहेरूनच उचकीचा आवाज ऐकून त्यांनी काय ते ताडलं होतं. उचकीवर दणका हा त्यांचा अनुभवसिद्ध उपाय. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन कागदी पिशव्याही मागून आणल्या होत्या. त्यातली एक फुगवून ते चोरपावलांनी शंतनूच्या मागे आले आणि त्याच्या कानापाशी फाडकन फोडली.

शंतनू खुर्चीतून उडाला. साखर घशात गेली. नेमकं त्याच वेळी तो मनात डॉक्टर सबनीसांचं नाव घेत होता. विभागप्रमुखाची जागा सबनीसांना मिळायची होती. ती याला मिळाली, तेव्हापासून सबनीस उठल्याबसल्या याची आठवण काढत, असं सगळेच म्हणत.

आण्णा समोर येऊन अपेक्षेनं पाहत राहिले.

उचकी आली.

“थोडी वाट बघायला पाहिजे,” आण्णा म्हणाले. “जुनी दिसतेय.”

सर मात्र खुर्चीतून उठले होते. त्यांच्या चेहऱ्यावर शंतनूनं बऱ्याच वर्षांत न पाहिलेली उत्सुकता होती. आपली खुर्ची त्यांनी त्याच्या खुर्चीला भिडवली आणि ते त्याच्या समोर बसले.

“मी जन्मभर मेलेल्यांचे अवयव पाहिले,” ते म्हणाले. “हा पडदा हातात घेतला, कापला, काचेखाली धरला. पण मेलेला माणूस उचकी देत नाही रे. मला ती हाताखाली कधी जाणवलेलीच नाही.”

त्यांनी आपला तळवा शंतनूच्या बरगड्यांच्या खाली, सदऱ्यावरून अलगद टेकवला. डोळे मिटले.

“दे,” ते म्हणाले.

शंतनू सावध होऊन बसला. आयुष्यात प्रथमच सरांना त्याच्याकडून काहीतरी शिकायचं होतं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्यानं पाठ ताठ केली, पोट मोकळं सोडलं.

काकू चहाची कपबशी हातात धरून तशाच उभ्या. आण्णांनी श्वास रोखला होता, जणू उचकी त्यांनाच लागली होती.

...

“देतो, सर,” शंतनू पुटपुटला.

“घाई नाही.”

...

घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला. शंतनूनं पोट थोडं आत ओढून पाहिलं. मग बाहेर ढकललं. आठवडाभर ज्या पाहुणीनं घर सोडलं नव्हतं, ती नेमकी सरांच्या पुढ्यात रुसून बसली होती. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

...

सरांनी डोळे उघडले. हात काढून घेतला.

“गेली वाटतं,” ते म्हणाले. आवाजात निराशा होती.

शंतनूच्या ध्यानात यायला जरासा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं चहाचा घोट घेतला. काही नाही. मोठ्यानं बोलून पाहिलं, रेणूपासून राष्ट्रापर्यंत असं सलग म्हणून पाहिलं. वाक्य लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. आठवड्याचं ओझं उतरलं होतं. त्यानं वाकून सरांच्या पायांना हात लावला.

मग त्याची गाडी सुटली. सर, तुम्ही लक्ष तिकडे वेधलंत म्हणून थांबली, तो म्हणाला. माणूस आपणहून उचकी द्यायला गेला की मेंदूचा वरचा भाग खालच्या भागाला आवरतो. मनाचा शरीरावर परिणाम. व्याख्यानात याचा एक परिच्छेद घालायलाच हवा. किंबहुना व्याप्तीच वाढवायला हवी. नुसतं रेणूपासून राष्ट्रापर्यंत अपुरं पडतंय, मनही आलं पाहिजे. त्यानं खिशातलं पेन काढलंसुद्धा.

“कशावरून?” सरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“माझ्या हातानं थांबली, हे कशावरून?”

शंतनू काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, साखरेनं थांबली. त्यांच्या माहेरी याच उपायानं सगळ्यांच्या थांबत आल्या आहेत. आण्णांनी नम्रपणे हरकत घेतली. दणका बसल्यावर उचकी एकदाच आली, ती निरोपाची होती. मुरलेल्या उचकीला वेळ लागतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, सगळे साक्षीला आहेत. काकू म्हणाल्या, दणक्यानं साखर घशात गेली हे कबूल, पण गेली साखरच ना. मग त्यांना नावांची आठवण झाली आणि शेवटचं नाव कोणाचं घेतलंस ते त्यांनी शंतनूला विचारलं. शंतनूनं नाइलाजानं सबनीसांचं नाव सांगितलं. काकूंनी सरांकडे असं पाहिलं, की आता आणखी काय पुरावा हवा.

वाद चांगलाच रंगला. शंतनूही त्यात उतरला. आपल्या बाजूला शास्त्र आहे, असं तो दोनतीनदा म्हणाला. आण्णा म्हणाले, असेल, पण पिशवी माझी होती.

शेवटी शंतनू सरांकडे वळला.

“सर, तुम्ही सांगा. कशानं थांबली?”

“माहीत नाही,” सर म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले, की शंतनू चपापला. वाटेत कुठे खड्डा नाही, ठेच नाही, असं ते ‘माहीत नाही’ होतं. आठवडाभरात इतके डॉक्टर पाहिले, एकाच्याही तोंडून हे शब्द आले नव्हते. त्याच्या स्वतःच्याही आले नव्हते, काकूंनी सरळ विचारूनसुद्धा.

“पण शोधून तर काढता येईल,” तो म्हणाला.

“येईल की.”

“कसं?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तुझी उचकी तर गेली,” ते म्हणाले.

शंतनू हसला. सर हसले नाहीत. गेली म्हणजे बरं झालं, एवढंच ते पुढे म्हणाले. उद्या भाषण आहे, लांब जायचंय, ऊन चढायच्या आत निघावं. अध्यक्ष म्हणून येणं काही जमायचं नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण व्याख्यान चांगलं आहे, खणखणीत वाच.

शंतनूनं कागद आवरले, निरोप घेतला आणि तो ओसरीवर येऊन बूट घालू लागला. ड्रायव्हरनं गाडी वळवून ठेवली होती. सगळं मनासारखं झालं होतं. उद्या तो व्यासपीठावर उभा राहणार होता, वाक्य अडखळणार नव्हतं, सबनीस पहिल्या रांगेत बसून ऐकणार होते.

एक बूट घालून झाला... आणि दुसरा हातातच राहिला.

साखर की दणका? की हात? साखर असेल तर विरघळतानाच थांबायला हवी होती. दणका असेल, तर मधे ती एक कशी आली? हात असेल, तर सरांचाच लागतो की कोणाचाही चालेल? की यातलं काहीच नाही, आठवडाभरानं ती आपली आपणच दमली? त्याला एकदम आठवलं, की असा प्रश्न आपल्याला फार दिवसांत पडलेला नाही. इतकी वर्षं प्रश्न दुसरे कोणी देत होते, पैसे मंजूर झाले की तो ते सोडवत होता. हा प्रश्न कोणी दिला नव्हता. याचं उत्तर उद्याच्या मंडपात कोणालाही नको होतं. आणि तरी तो पायात खडा रुतावा तसा रुतत होता, तेही बूट घातलेला नसताना.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

शंतनूनं घातलेला बूट काढला आणि तो पुन्हा आत गेला.

सर तिथंच बसले होते, त्यांची खुर्ची रिकाम्या खुर्चीला भिडलेली. काकूंनी आण्णांसाठी ताटलीत भडंग आणून ठेवलं होतं, वर तळलेली मिरची. शंतनू खुर्चीवर बसला, त्यानं ताटली आपल्याकडे ओढली आणि एक मोठी मूठ कोरडीच तोंडात टाकली.

काकू घाबरल्या. अरे, परत लागेल, उद्या भाषण आहे, असं त्या म्हणत राहिल्या. आण्णांनी त्याचा हात धरायचा प्रयत्न केला, मग त्याचा चेहरा पाहून सोडून दिला. शंतनू चावत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं घाईघाईनं गिळलं आणि दुसरी मूठ भरली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. त्यानं लक्ष दिलं नाही.

“सर,” तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, “काकूंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. का लागते ते मला माहीत नाही.”

सर खुर्चीत जरा पुढे सरकले.

...

...

उचकी आली.

“आली,” शंतनू म्हणाला. मुलगा पहिल्या नंबरानं पास झाल्याचं सांगावं, तसं म्हणाला.

काकू साखरेचा डबा आणायला धावल्या. आण्णांनी खिशातून दुसरी पिशवी काढून फुगवायला घेतली. शंतनूनं सदरा वर ओढून पोट पुढे केलं आणि डोळे मिटून तो सबनीसांचं नावही घेऊ लागला.

सरांनी हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले.

“एका वेळी एकच,” सर म्हणाले.